खिडकीबाहेरचा पाय

वऱ्हाडात मौजेखातर कोणी जात नाही. पुण्याची मंडळी वेरूळ-अजिंठा पाहतात, औरंगाबादेत हिमरू शाल घेतात आणि मागे फिरतात. त्यापुढेही महाराष्ट्र आहे, हे नवे राज्य झाल्यापासून आता कुठे त्यांच्या ध्यानात येऊ लागले आहे. माझे माहेरच तिकडचे, म्हणून मी जाते. जाऊन आले की शेजारणी हटकून विचारतात, "तिकडं पाहण्यासारखं काय आहे हो?" या खेपेला मला खरे उत्तर देता येईल. मी एक घाट पाहिला. मोटारीत बसून नव्हे, तर तिच्या मागून चालत, हातात बाभळीचा ठोकळा घेऊन.

मी मुळात घाबरट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. झोपाळा जरा उंच गेला तरी मी उतरून बाजूला बसते. त्यातून आमची गाडी. ह्यांनी ती कँपातल्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थाकडून घेतली. अमेरिकन, लांबलचक, आणि तिला क्लचच नाही. गिअर आपोआप बदलतात. स्टिअरिंगखाली एक दांडी असते, ती खुणेवर आणून ठेवली की झाले. "आतलं तेलच गाडी ढकलतं," असे हे येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत. गाडी इतकी स्वस्तात का मिळाली, एवढे मात्र त्यांनी त्या पारशाला विचारले नाही. पुण्यातल्या एकाही मिस्त्रीने असली गिअरपेटी कधी उघडली नव्हती, आणि आमची पेटी आतून झिजत आली होती.

माझे वडील, म्हणजे आबा, साखरखेर्ड्याचे. शेती बरीच, आवाज त्याहून मोठा, आणि हा माणूस जन्मात कोणाला भ्यायला नाही अशी पंचक्रोशीत ख्याती. माघात कडब्याच्या गंजीवरून पडले आणि मांडीचे हाड मोडले. खामगावच्या दवाखान्यात पायाला वजने लावून आठवडेच्या आठवडे निजून होते. चैत्रात डॉक्टरांनी कमरेपासून पावलापर्यंत प्लॅस्टर घातले आणि सांगितले, घरी न्या, पण आडवे न्या. हाड नुकते धरू लागले आहे. जोराचा हिसका बसून ते सरकले तर या वयात पुन्हा जुळायचे नाही, मग जन्मभर खाट.

एस.टी.त आडवे निजवता येत नाही. जीप हाडे खिळखिळी करते. ट्रकला डॉक्टरांनी साफ नकार दिला. तेव्हा हे छाती पुढे काढून म्हणाले, "आपल्या गाडीची मागची बैठक पलंगाएवढी आहे." अशा रीतीने माझ्या बापाचा पाय त्या तेलाच्या स्वाधीन झाला.

खामगाव

पुण्यापासूनचा प्रवास सांगत नाही. फक्त जालन्याचे सांगितले पाहिजे. तिथे गाडीखाली तांबडे तेल ठिबकलेले दिसले. पंपावरच्या माणसाने ट्रकच्या पेटीत घालतात ते काकवीसारखे दाट तेल काढून दाखवले, आणि ह्यांनी ते खुशाल ओतून घेतले. जितके दाट तितके चांगले, असा दोघांचाही समज. आमटीला ठीक आहे. त्यानंतर गाडीची चाल बिघडली. ह्यांनी पाय दाबला की इंजिन गुरगुरे आणि गाडी मात्र विचार करत उभी राही. उंद्रीचा घाट उतरून खामगावला पोचलो, तेव्हा तिने मागे जाणे पुरते सोडून दिले होते. दांडी मागच्या खुणेवर आणली तरी ढिम्म.

खामगावातले हमीदमिस्त्री ट्रक दुरुस्त करणारे. त्यांनी आधी वाकून पेडल मोजली, मग ह्यांच्याकडे पाहिले.

"क्लच कोठी हाय, साहेब?"

"हिला क्लच नसतो."

"काऊन?"

या 'का'ला ह्यांनी आतले तेल गाडी कशी ढकलते, ते सांगायला घेतले. मिस्त्रींनी तेलाची सळई ओढून नाकाशी धरली. मलाही वास आला, नंदादीपाची वात जळून जावी तसा. "हे तेल तं जळून गेलं. वरतून जाडं तेल कोनं टाकलं?" आम्ही दोघेही आभाळाकडे पाहू लागलो. हिचे खरे तेल मुंबईशिवाय मिळायचे नाही. मिस्त्री खूप वेळ डोके खाजवत राहिले. कापसाच्या गठाणी बांधायच्या प्रेसला एक पातळ तेल लागते, ते टाकून पाहू, म्हणाले. खामगावात असे कापसाचे कारखाने जागोजागी आहेत, तेव्हा तेल लगेच आले. जुने काढून ते भरले. गाडी हलली. ह्यांचा चेहरा उजळला.

"पन मी जिम्मा घेत नाई," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "आतलं घासून गेलं हाय. तेल गरम झालं का हे सटकनार. थंडं होऊ द्या, मंग चाला. घाटात काय करते, ते अल्लालेच मालूम."

ती रात्र मी डोळ्याला डोळा न लागता काढली. उतरलो होतो आबांच्या एका जुन्या स्नेह्यांकडे. पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार का?" असे विचारतात, त्यातच नाही म्हणायची सोय करून ठेवलेली असते. इकडे दारात पाय ठेवताच "कव्हा जेवसान?" एवढेच. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे आला. ठेच्याच्या पहिल्या घासाला ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मला न खाताच येत होते.

सकाळी दवाखान्यातल्या माणसांनी आबांना फळीवरून उचलून गाडीत घातले. पाठ उजव्या दाराला, खाली उशा, पण आबा उंच, आणि प्लॅस्टरचा पाय काही केल्या आत मावेना. शेवटी डावी काच खाली करून पाऊल खिडकीतून बाहेर काढले. आजूबाजूला टॉवेल कोंबले. उंच पांढरा पाय आणि टोकाशी उघडी बोटे, अशी आमची मोटार दिसू लागली.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बोटांवर लक्ष ठेवा. गार पडली, निळी दिसली किंवा हलेनाशी झाली, तर तिथून तशाच परत या." मागे न जाणाऱ्या गाडीतून मी परत कशी येणार होते, ते त्यांना विचारायचे मला धाडस झाले नाही. घरी खाटेचा पायथा उंच ठेवायचा होता. त्यासाठी सुताराकडून बाभळीचे दोन भक्कम ठोकळे करून घेतले होते, ते डिकीत टाकले आणि निघालो.

पायथ्याशी

सपाटीवर गाडी बरी चालली. तरी दर थोड्या अंतराने हे थांबत, झाकण उघडत, आणि आम्ही तेल निवण्याची वाट पाहत बसत असू. रस्त्याकडेला मैलांचे जुने दगड आणि किलोमीटरचे नवे दगड शेजारीशेजारी उभे होते. मी प्रत्येक थांब्याला उतरून म्हणे, "आबा, बोटं हलवा." आबा अंगठा हलवत. "हे पाह्य. जित्ता हाय तुहा बाप."

रस्त्याने जाणारे बैलगाडीवाले पाय पाहून बैल थांबवत. एका म्हातारीने लांबूनच हात जोडले. तिला काय वाटले असेल, याचा मी मुद्दामच विचार केला नाही.

घाट लागला तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. पळस फुलून ओघळून गेलेले, सालईची झाडे उघडी, आणि समोर रस्ता वळत वर गेलेला. डाव्या हाताला दरी. पहिले वळण गाडीने घेतले. दुसऱ्यावर इंजिन एकदम किंचाळले, तो वास पुन्हा आला, आणि गाडी थांबली. थांबली म्हणते, पण ती थांबली नाही, मागे येऊ लागली. सपाटीवर जिला मागे जाता येत नव्हते, तिला ते घाटात बरोबर आठवले.

ह्यांनी ब्रेक दाबला. आबांच्या तोंडून "आय गं!" निघाले.

"सुमन, उतर," हे पुटपुटले. "पाय ब्रेकवरून काढला की गाडी मागे जाते. हातब्रेक धरत नाही. तेल पुन्हा जोर घेईपर्यंत ती किती मागे जाईल, सांगता येत नाही."

एस.टी. मघाच गेली होती, दुसरी संध्याकाळशिवाय नव्हती. मी उतरून चाकामागे दगड लावला. हे जरा सैल सोडताच खडीवरून तो दगड घसरला, आणि मी ओरडले ती अशी की दरीतून माझाच आवाज परत आला.

तेवढ्यात खालून एकजण सायकल ढकलत आला. पांढरे धोतर, टोपी, सायकलीला पिशवी. उंद्रीच्या शाळेतले इंगळे गुरुजी, खामगावाहून घरी निघालेले. त्यांनी आधी पाय पाहिला, मग मला, मग दगड.

"दगड नका लावू, ताई. गोटा फिरते. लाकूड हाय काय?"

घाट

मी डिकीतून खाटेचे ठोकळे काढून दिले. गुरुजींनी एक हातात घेऊन त्याची धार चाचपली, आणि त्यांचा चेहरा निराळाच झाला. "मोगरी," ते म्हणाले. पुण्याच्या वाचकांसाठी सांगते: तिकडे काही गावांत देवाचा रथ निघतो. तो अवजड रथ उतारावर पळू नये म्हणून चाकांना लाकडी ठोकळे लावत नेतात, त्यांना मोगरी म्हणतात. लावणाऱ्याचा हात चुकला तर रथ माणसावर येतो.

आतून आबांचा आवाज आला. "कोनाचा बे तू?"

आमच्या गावाकडे हा प्रश्न नाव विचारण्यासाठी नसतो, जात विचारण्यासाठी असतो. मला लाज वाटली. गुरुजी खिडकीपाशी जाऊन सरळ म्हणाले, "मी इंगळे मास्तर, उंद्रीचा. आमच्या घराकडं गावच्या रथाले मोगरी लावाचं काम होतं. धर्म बदलला तव्हा माह्या बापानं ते सोडलं. मी शाळेतच होतो, बापासंगं फिरलो तेवढंच. तव्हापासून लाकूड हातात घेतलं नाई."

ह्यांचा पाय ब्रेकवर थरथरू लागलेला मला दिसत होता.

"मग आज?" मी विचारले.

"देवाचा रथ असता तं आलो नसतो," गुरुजी म्हणाले. "हे माणसाच्या पायाचं काम हाय. पन एकट्यानं होत नाई, ताई. दोन चाकं, दोन माणसं. एक चाक मी घेतो, एक तुमी घ्या."

मला गाडी चालवता येत नाही, आबा उठू शकत नव्हते, तेव्हा आमच्या चौघांत ते दुसरे माणूस मीच. उजवे चाक गुरुजींनी घेतले. माझ्या वाट्याला डावे, म्हणजे दरीकडचे. गुरुजींनी शिकवले ते असे: चाकाच्या मागे कधी उभे राहायचे नाही, बाजूने चालायचे. गाडी थबकली की ठोकळा टायरला भिडवायचा आणि हात तिथून काढून घ्यायचा. दोघांनीही "लागली!" म्हटले की मगच साहेबांनी ब्रेक सोडायचा. ठोकळा दोरीला बांधून मागे ओढला तर चालणार नाही का, असे मी विचारले, कारण मला कसेही करून सुटायचे होते. "खडीवर उडते तो," गुरुजी म्हणाले. "हातच लागते."

निघालो. इंजिन गर्जे, गाडी चारदोन हात पुढे जाई, आणि थबके. मी वाकून ठोकळा सरकवी. "लागली!" पलीकडून "लागली!" मग गाडी हुंकार देत ठोकळ्यावर टेके आणि ते लाकूड करकरे. दरीकडे पाहायचे नाही असे ठरवले होते, म्हणून मी वर पाहत होते, आणि वर होते आबांचे पाऊल. माझ्या डोक्यावर, खिडकीच्या काठावर.

"आबा, बोटं हलवा."

अंगठा हले. मी पुढे चाले.

मध्ये तेल निवेपर्यंत थांबलो. गुरुजींनी मला पाणी दिले. स्वतः पिताना त्यांनी निम्मे धोतरावर सांडले. "भेव वाटते काय तुमालेबी?" असे नकळत माझ्या तोंडून माहेरच्या बोलीत निघून गेले. इतकी वर्षे पुण्यात ती जिभेवर येऊ नये म्हणून मी केवढी काळजी घेतली होती. "हाव," ते म्हणाले. "बापाचा एक अंगठा त्यातच गेला होता." हे त्यांनी आधी सांगितले नाही, याबद्दल मी त्यांची अजून आभारी आहे.

शेवटून दुसरे वळण सर्वांत उभे. गाडी निम्मे वळण चढली आणि आतून काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला. इंजिन मोकळेच फिरू लागले. दोघांनी "लागली!" म्हणताच ह्यांनी ब्रेक सोडला, पण गुरुजींचा ठोकळा खडीवर टिकला नाही, निसटून उडाला. सगळे ओझे माझ्या चाकावर आले. गाडीचे मागचे टोक दरीकडे वळू लागले. मी दोन्ही हातांनी ठोकळा दाबला, हात काढून घ्यायचे साफ विसरले, आणि शेवटच्या क्षणी गुरुजींची "हात!" अशी आरोळी ऐकून ओढले. लाकडाची एक ढलपी उडून माझ्या गालाला लागली. गाडी थांबली.

मी उठायला गेले, तर उठता येईना. पदर ठोकळ्याखाली गेला होता. वर ती एवढी मोटार, खाली तो कोपरा तुटलेला ठोकळा, आणि त्याला मी बांधलेली. गाडी आणखी वीतभर आली असती, तर मीही गेले असते. मी वर पाहिले.

बोटे हलत नव्हती.

"आबा," मी म्हटले. "आबा, बोटं हलवा."

काही नाही. पाचही बोटे आत वळलेली, पांढरी पडलेली. हाड सरकले, मला वाटले. झाले. आता हा माणूस पुन्हा आपल्या शेताच्या बांधावर उभा राहायचा नाही, आणि त्याला इथवर आणले ते आम्ही.

"आबा! बोटं हलवा ना!"

आतून आवाज आला. तो आबांचा आहे हे मला आधी कळलेच नाही, इतका तो बारीक होता.

"हालत नाई, पोरी. मले भेव लागलं. आखडून घेतले मी."

माझ्या वडिलांच्या तोंडून तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मी त्या दरीच्या काठावर, पदर अडकलेली, ढसाढसा रडू लागले.

गुरुजींनी आपला ठोकळा पुन्हा घट्ट बसवला आणि ते खिडकीपाशी गेले. "दुखून राह्यलं काय? मांडीत कळ आली काय?"

"नाई."

"मंग श्वास सोडा. जोरानं सोडा. आता बोटं ढिले करा. एकएक करा."

बऱ्याच वेळाने करंगळी हलली. मग तिच्या शेजारची. अंगठा सर्वांच्या शेवटी.

"गुरुजी," आबा म्हणाले, "आता तुमी सांगसान तसं."

पदर मी दातांनी फाडून सोडवला. तेल निवायला पुष्कळ वेळ दिला. ह्यांनी गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा त्यांच्या कपाळावरून घाम टपटपत होता. घाटमाथ्यावर सपाट रस्ता लागला, तरी मी आणि गुरुजी ठोकळे धरून कितीतरी अंतर गाडीमागून चालतच राहिलो. थांबा म्हणायचे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

उंद्री

उंद्रीला गुरुजींच्या घरासमोर गाडी थांबली. आबांना उतरवता येत नव्हते, म्हणून गुरुजींच्या बायकोने चहा बाहेरच आणला. माझ्या लहानपणी आबांनी गुरुजींच्या समाजाच्या वस्तीतले पाणी कधी घेतले नव्हते. आडव्याने कपबशी धरता येईना, म्हणून मी बशी त्यांच्या ओठांना लावली. ती संपवून ते म्हणाले, "आनखी हाय काय?" गुरुजींच्या बायकोने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले आणि आत जाऊन आणखी आणला.

मी गुरुजींना म्हटले, "तुमचे उपकार कसे फेडू?" ते म्हणाले, "त्या साहेबाइले सांगा, हे गाडी इकून टाका." ह्यांनी मान डोलावली. ती गाडी आता चिखलीत एका वखारीमागे उभी आहे. ह्यांना अजून वाटते की मुंबईहून खरे तेल आणले तर ती ठीक होईल.

साखरखेर्डा

चिखलीच्या बाजारातून जाताना पाय पाहायला गर्दी जमली. गाडी तिथेच सोडायला हवी होती, पण पुढे चढ नाही, म्हणून थांबत थांबत तिनेच घरी नेले आणि दुसऱ्या दिवशी रिकामीच चिखलीला परत आणून ठेवली. वहिनीने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. गावच्या डॉक्टरांनी मांडी तपासली. हाड जागेवर होते. पुढे पावसाळा सरता सरता आबा काठी घेऊन बांधावर गेले, पण ते नंतरचे.

त्या संध्याकाळी खाटेच्या पायथ्याखाली ते दोन ठोकळे लावले. एकाचा कोपरा तुटलेला, दोन्हींवर टायरची नक्षी. आबांना पाहायला निम्मे गाव आले. आवाज परत आला होता. घाट किती उभा, दरी किती खोल, जावई कसा घामाघूम, पोरगी कशी रडली, हे सगळे त्यांनी रंगवून सांगितले. इंगळे गुरुजींचे नाव दरवेळी "गुरुजी" असेच घेतले, एवढे माझ्या लक्षात आले.

"अन् तुमाले भेव नाई वाटलं, आबा?" कोणीतरी विचारले.

"मले?" आबा हसले. "हॅट! मी कायले भेतो?"

सगळे हसले. मी खाटेच्या पायथ्याशी बसले होते. चादरीखालून आबांची पाचही बोटे बाहेर आली होती, आणि ती घट्ट आत वळलेली होती. मी चादर जरा ओढून घेतली आणि कोणाला दिसू नयेत म्हणून बोटांवर हात ठेवून बसले. लोक उठून जाईपर्यंत ती हळूहळू सैल झाली.